विश्लेषण : चाळिशीनंतर स्वतःच्या हाताने कस्टम बाइक! हा छंद जमतो कसा आणि कायद्यात बसतो कसा?

कॉलेजच्या वयात परवडली नाही म्हणून राहून गेलेली बुलेट, वडिलांची धूळ खात पडलेली येझदी किंवा ‘पुढे बघू’ म्हणून झाकून ठेवलेली आरएक्स १००... गृहकर्जाचे हप्ते आटोक्यात आले, मुले मोठी झाली, की अनेकांचे लक्ष पुन्हा या गाड्यांकडे वळते. मात्र आता केवळ गाडी दुरुस्त करून चालवण्यावर समाधान होत नाही. ती स्वतः खोलायची, स्वतः जोडायची आणि रस्त्यावर दुसरी तशी दिसणार नाही अशी घडवायची, ही हौस वाढते आहे. या हौशीत पैसा जातो, वेळ जातो, शरीराचाही कस लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महिनोन्महिने खपून घडवलेली गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येईलच असे नाही. या छंदाची तांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीर बाजू समजून घेऊया.

कस्टम बाइक म्हणजे नेमके काय?

कंपनीने तयार केलेल्या मोटारसायकलमध्ये मालकाच्या आवडीनुसार केलेले बदल म्हणजे कस्टमायझेशन. यात ढोबळमानाने तीन पातळ्या आहेत. पहिली पातळी नटबोल्टची. सीट, हँडल, आरसे, इंडिकेटर, मडगार्ड असे भाग काढून दुसरे बसवणे. जुने भाग जपून ठेवले, तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

दुसरी पातळी कटर आणि वेल्डिंगची. चेसिसचा मागचा भाग कापून छोटा करणे, नवी टाकी बनवणे, पुढचा फोर्क बदलणे ही कामे यात येतात. इथून मागे फिरणे अवघड असते. तिसऱ्या पातळीवर चेसिसच नव्याने बांधली जाते आणि त्यात एखाद्या गाडीचे इंजिन बसवले जाते. नवशिक्याची सगळ्यात मोठी गल्लत होते ती पहिली पातळी नीट न शिकता थेट दुसऱ्या पातळीवर उडी मारल्यामुळे.

ही कल्पना आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांनी जड मोटारसायकलींचे मडगार्ड छाटून, नको ते भाग काढून त्या हलक्या केल्या. त्यातून ‘बॉबर’ हा प्रकार रूढ झाला. पुढे चेसिसच कापून, फोर्क लांब करून ‘चॉपर’ तयार झाले. १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने चॉपर जगभर पोहोचवले. ब्रिटनमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत तरुण मुले रस्त्याकडेच्या कॅफेंबाहेर जमत आणि ताशी १०० मैलांचा वेग गाठण्याची ईर्षा बाळगत. खाली वाकलेले हँडल, एकट्यापुरती सीट, लांबट टाकी अशा त्यांच्या गाड्यांना ‘कॅफे रेसर’ हे नाव मिळाले. लंडनचा ‘एस कॅफे’ हा त्यांचा प्रसिद्ध अड्डा होता.

भारतात या हौशीचा पाया बुलेटने घातला. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि साधी रचना असलेले हे यंत्र दशकानुदशके फारसे न बदलता तयार होत राहिले. सुटे भाग गल्लीबोळात मिळतात आणि इंजिन कोणताही जुना मिस्त्री डोळे झाकून खोलतो, म्हणून कस्टम करणाऱ्यांची पहिली पसंती बुलेटलाच राहिली. व्यावसायिक पातळीवर मुंबईची वर्देंची, पुण्याची ऑटोलॉग डिझाइन, जयपूरची राजपुताना कस्टम्स ही नावे परिचित आहेत. २०१३ मध्ये गोव्यात सुरू झालेला इंडिया बाइक वीक आणि वागातोरला होणारा रॉयल एन्फिल्डचा मोटोव्हर्स या मेळाव्यांत अशा गाड्या पाहायला मिळतात.

चाळिशी-पन्नाशीतच ही ओढ का?

‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्दप्रयोग मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. आयुष्य अर्धे सरल्याची जाणीव माणसाला अस्वस्थ करते, असे त्यांचे म्हणणे होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी याच वयाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. मध्यम वयात माणसाला आपल्यामागे काही उरावे, आपल्या हातून काही घडावे असे वाटते आणि तसे झाले नाही तर साचलेपण येते, अशी त्यांची मांडणी होती.

दिवसभर स्क्रीनसमोर बसून ईमेल आणि एक्सेलमध्ये काम करणाऱ्याला आपण आज नेमके काय केले, हे संध्याकाळी दाखवता येत नाही. कार्बोरेटर साफ करून पहिल्या किकला गाडी सुरू झाली, तर ते लगेच कळते. अमेरिकेतील मॅथ्यू क्रॉफर्ड यांनी राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली, एका वैचारिक संस्थेत नोकरी केली आणि ती सोडून व्हर्जिनियातील रिचमंड शहरात मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान थाटले. हाताने काम करण्याच्या मोलावरचे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये आले आणि गाजले.

अभिनेते कियानू रीव्ह्ज यांचे उदाहरणही बोलके आहे. आपली हार्ले कस्टम करून घेण्यासाठी ते गार्ड हॉलिंगर या बिल्डरकडे गेले आणि २०११ मध्ये, चाळिशीच्या उत्तरार्धात असताना, दोघांनी मिळून ‘आर्च मोटरसायकल’ ही कंपनी सुरू केली. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी तर १९२० सालची इंडियन स्काउट आयुष्यभर घरच्या शेडमध्ये सुधारत नेली. पिस्टनसुद्धा ते घरीच ओतत. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम नोंदवला.

सुरुवात कोणत्या गाडीपासून करावी?

पहिल्या प्रयोगासाठी कार्बोरेटर असलेली, एअर-कूल्ड, एक सिलिंडरची गाडी सोयीची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू सर्रास आले. अशा गाडीत एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला तरी संपूर्ण यंत्रणेचे गणित बिघडू शकते. शिवाय १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाल्यापासून चाक किंवा ब्रेक बदलणे हे केवळ पान्ह्याचे काम राहिलेले नाही.

जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चे उदाहरण घ्या. तिचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. त्यावरून सिलिंडरचे आकारमान काढले तर ३४६ सीसी येते. लांब स्ट्रोकमुळे इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते. गिअरबॉक्स वेगळा असल्याने इंजिन न उघडता त्याचे काम करता येते. शिकण्यासाठी याहून मोकळी रचना मिळणे कठीण.

गाडी घेताना मात्र आधी कागद बघावेत, यंत्र नंतर. आरसीवरील इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक गाडीवरील ठशांशी जुळतात का, बँकेचा बोजा उतरला आहे का, नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली असल्यास नूतनीकरण झाले आहे का, हे तपासावे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, तर दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असल्यास फॉर्म २८ म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. भंगारातून स्वस्तात उचललेल्या बेकागदी चेसिसवर कितीही देखणी गाडी बांधली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही. चेसिस चोरीच्या गाडीची निघाली, तर प्रकरण थेट पोलिसांत जाते.

काम कोणत्या क्रमाने करायचे?

अनुभवी मिस्त्री एकच गोष्ट सांगतात : गाडी आधी आहे त्या रूपात नीट चालवा. ब्रेक, केबल, बेअरिंग, चेन, टायर आणि वायरिंग ठीक झाल्यावर किमान काही आठवडे ती चालवली, की तिचे खरे दुखणे कळते. मगच ती खोलावी.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो, प्रत्येक नटबोल्टसाठी वेगळी पिशवी आणि पिशवीवर चिठ्ठी, हा साधा नियम पुढचे कित्येक दिवस वाचवतो. रंग आणि क्रोमचे काम सगळ्यात शेवटी. आधी सगळे भाग कच्चे जोडून पाहायचे, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, टायर कुठे घासतो का, केबल ताणली जाते का, हे तपासायचे. मग पुन्हा सारे खोलून रंगाला द्यायचे. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांना रंगवलेल्या चेसिसवर पुन्हा वेल्डिंग करावे लागले, असे अनुभव गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात.

सगळे स्वतःच करायला हवे असेही नाही. बोअर करणे, क्रँकचे काम, चेसिस सरळ करणे ही कामे यंत्रशाळेतच होतात. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतात, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर एखादा बुश किंवा स्पेसर करून देणारे कारागीर आहेत. हौशी माणसाने मोजमाप घ्यायला, व्हर्नियर वापरायला आणि कागदावर साधे ड्रॉइंग काढायला शिकले, तर टर्नरशी बोलणे सोपे होते आणि काम बिघडत नाही.

बदल छोटा, परिणाम मोठा; असे का?

मोटारसायकल सरळ धावते ती पुढच्या चाकाच्या भूमितीमुळे. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला एका बिंदूत मिळतो. चाक मात्र त्याच्या थोडे मागे टेकते. या दोन बिंदूंमधील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, पण कमी वेगात वळवताना जड लागते. ट्रेल कमी झाली की हँडल हलके होते आणि वेगात गाडी चंचल वाटू लागते.

कॅफे रेसरसारखी दिसावी म्हणून फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवून पुढचा भाग खाली आणला, की ट्रेल कमी होते. चॉपरसाठी फोर्क लांब केला, की बहुतेक वेळा ती वाढते. मागचे शॉकअप छोटे केले तर वळणावर स्टँड किंवा सायलेन्सर घासण्याचा धोका वाढतो. फोटोत न दिसणारे हे फरक घाटात जाणवतात.

चेनचेही तसेच. पुढच्या स्प्रॉकेटला १७ दात आणि मागे ३८ असतील तर गुणोत्तर २.२४ येते. पुढे १६ दातांचे बसवले तर ते २.३८ होते. पिकअप सुमारे सहा टक्क्यांनी सुधारतो, मात्र त्याच वेगाला इंजिन तेवढ्याच प्रमाणात जास्त फिरते. वायरिंगमध्ये ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. तो बारीक वायरवर, फ्यूजशिवाय जोडला तर वायर तापते, आणि तिच्या वरच पेट्रोलची टाकी असते.

वयाचा हिशेब कुठे लागतो?

‘चाळिशी’ लागते ती आधी डोळ्यांना. कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा दिसेनासा होतो. त्यामुळे जवळचा चष्मा आणि चांगला दिवा ही हत्यारांइतकीच गरजेची खरेदी आहे. जमिनीवर बसून काम केल्याने गुडघे आणि कंबर बोलू लागतात. दीडशे किलोपेक्षा जड गाडी एकट्याने उचलण्याच्या फंदात न पडता लिफ्ट किंवा मजबूत ओटा वापरावा. खाली वाकलेले हँडल विशीत शोभते. पन्नाशीत तासाभराने मनगट आणि मान त्याची किंमत वसूल करतात.

काही धोके मात्र वय पाहत नाहीत. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना वेल्डिंगच्या वेळी अधिक धोकादायक असते. कारण आत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडताच स्फोट होऊ शकतो. टाकीचे वेल्डिंग घरी करूच नये. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवा मारून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. ग्राइंडरचे गार्ड काढू नये आणि गॉगलशिवाय तो सुरू करू नये.

खर्चाचा अंदाज का चुकतो?

बहुतेक जण गाडीची किंमत आणि दिसणाऱ्या भागांची किंमत तेवढी धरतात. हत्यारे, लेथचे काम, रंग, क्रोम, रबरी भाग, केबल, बेअरिंग, कागदपत्रे आणि चुकून दोनदा घ्यावे लागलेले सामान हिशेबात येत नाही. व्यवहार्य मार्ग असा, की भागांची यादी करून तीन रकाने करावेत : सुरक्षिततेसाठी लागणारच, चालण्यासाठी लागणारे आणि दिसण्यासाठी हवे असलेले. पैसे याच क्रमाने खर्च करावेत. नवे टायर आणि ब्रेक न घेता परदेशी हेडलाइट मागवणे ही नेमकी उलटी सुरुवात.

आणखी एक कटू सत्य म्हणजे पुनर्विक्री. आपल्या मापाची आणि आवडीची गाडी दुसऱ्याला आवडेलच असे नाही. घरातल्यांशी बोलताना हा खर्च ‘गुंतवणूक’ म्हणून सांगू नये. तो छंदाचा खर्च आहे आणि तेवढाच असावा. घरच्यांनी मान्य केलेली रक्कम आणि आठवड्यातले ठरलेले तास, या दोन मर्यादा पाळल्या तर पार्किंगमध्ये अर्धवट खोललेली गाडी वर्षानुवर्षे वादाचे कारण ठरत नाही.

कायदा नेमके काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ यासंदर्भात महत्त्वाचे आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत केलेला आणि त्याचे मूळ स्वरूप बदलणारा फेरफार म्हणजे ‘अल्टरेशन’, असे या कलमाचे स्पष्टीकरण आहे.

केरळमधून गेलेल्या प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरवला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. प्रत्येक मॉडेलच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार मान्यता घ्यावी लागते. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरमधील व्हीआरडीई या संस्था अशा चाचण्या करतात. मालकाने परस्पर बदललेली गाडी या मान्यतेच्या बाहेर जाते.

ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने घडवलेल्या मोटारसायकलची तपासणी करून तिला नोंदणी देण्याची वेगळी पद्धत आहे. भारतीय कायद्यात हौशी माणसाने नव्याने बांधलेल्या चेसिससाठी तशी सोपी वाट नाही.

शिक्षा आणि विम्याचे काय?

२०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए (४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० (२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि परवाना तीन महिने अपात्र ठरण्याची तरतूद आहे. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात ते याच कारणाने. आरसे काढून टाकणे, मागे बसणाऱ्यासाठीचे फूटरेस्ट, हँडग्रिप आणि मागील चाक झाकणारे आवरण उतरवणे हेही नियमांत बसत नाही.

दंडापेक्षा मोठा धोका अपघातानंतरचा. विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलांमुळे गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. समोरच्याला इजा झाली आणि बदललेला ब्रेक किंवा वेल्ड केलेली चेसिस कारण ठरली, तर भरपाईचा भार मालकावर येण्याची शक्यता असते.

मग कायद्यात राहून छंद जपता येतो का?

येतो, पण मर्यादा ओळखून. इंजिन, चेसिस, व्हीलबेस आणि सीटची संख्या यांना हात न लावता सीटचा आकार, मूळ मापाचे टायर, एलईडी इंडिकेटर, रंगकाम अशा गोष्टींपुरते थांबता येते. रंग आरसीवर नोंदलेला असल्याने तो बदलायचा असेल तर आरटीओकडे आधी अर्ज करून नोंद करून घ्यावी. कोणता बदल ‘मूळ स्वरूप’ बदलणारा ठरतो यावर मतभेद होऊ शकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घेणे शहाणपणाचे. इंजिनाऐवजी बॅटरी हवी असेल, तर मान्यताप्राप्त कन्व्हर्जन किटचा मार्ग कायद्यात उपलब्ध आहे.

दुसरा पर्याय रिस्टोरेशनचा, म्हणजे गाडी मूळ रूपात परत आणण्याचा. कारागिरी तेवढीच लागते, कायद्याची अडचण मात्र येत नाही. ५० वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट एकच, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आज कापलेली जुनी गाडी उद्या व्हिंटेज म्हणवून घेण्याचा हक्क गमावते.

तिसरा पर्याय, प्रदर्शनासाठी किंवा खासगी ट्रॅकसाठी गाडी घडवणे आणि ती टेम्पोतून नेणे. कटर चालवण्याची हौस असेल, तर तिची जागा हीच.

सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी पहिल्या महिन्याचे काम फारसे खर्चिक नाही. त्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवावे, आरसीची प्रत घेऊन आरटीओत एक फेरी मारावी आणि ओळखीच्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये चार रविवार मदतनीस म्हणून उभे राहावे. हात काळे झाल्यावरही ओढ तेवढीच राहिली, तर गाडी शोधायला हरकत नाही. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा. नूतनीकरणाच्या तपासणीला तो पुन्हा बसवावा लागू शकतो.